पाच दिवसांच्या कार्यशाळेतून ऑनलाइन शिकवणारा प्राध्यापक तयार होतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका राज्य विद्यापीठाच्या प्रशिक्षण विभागाला वर्षभरात साधारण 40 प्राध्यापकांकडून ऑनलाइन कोर्स तयार करून घ्यायचे आहेत आणि ते त्याच प्राध्यापकांनी शिकवायचेही आहेत. त्यासाठी 5 दिवसांची कार्यशाळा ठरते आहे. तिच्यात काय शिकवावं, सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं, स्टुडिओ बांधावा का, आणि ज्येष्ठ प्राध्यापक नाखूश असतील तर काय करावं?

मी बरीच वर्षं दूरशिक्षण आणि ऑनलाइन शिक्षणात अभ्यासक्रम-रचनेचं आणि प्राध्यापकांना ती शिकवण्याचं काम करतो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की 5 दिवसांत रेकॉर्डिंग शिकवून होतं, पण कोर्स बांधायला आणि चालवायला शिकवून होत नाही. तुमच्या प्रश्नातला ‘आणि शिकवायचेही आहेत’ हा तुकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका तोच बहुतेक वेळापत्रकांतून गळतो.

ते वेळापत्रक आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पहिल्या दिवशी उद्घाटन, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरणावर दीड तास. दुसऱ्या दिवशी पीपीटी आणि स्क्रीन रेकॉर्डिंग, तिसऱ्या दिवशी मूडल (ऑनलाइन कोर्स चालवायचं सॉफ्टवेअर), चौथ्या दिवशी स्टुडिओ दाखवणं, पाचव्या दिवशी फीडबॅक फॉर्म, प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटो. सहा महिन्यांनी हाती काय असतं, तर 45-45 मिनिटांची काही व्याख्यानं यूट्यूबवर, खाली पीपीटीची पीडीएफ आणि दहा प्रश्नांची क्विझ. स्वयंपाक झाला म्हणजे पंगत उठली, असं आपण धरून चालतो.

यात प्राध्यापकांचा दोष कमी आणि हिशेबाचा जास्त आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018च्या नियमावलीत पदोन्नतीसाठी जे गुण आहेत ते काढून बघा. 4 क्रेडिटचा पूर्ण मूक कोर्स (MOOC, म्हणजे सर्वांना खुला ऑनलाइन कोर्स) चारही विभागांसह तयार केला तर 20 गुण मिळतात, तेवढ्याच क्रेडिटच्या कोर्सचा समन्वयक म्हणून काम केलं तर 8. म्हणजे बनवण्याला चालवण्याच्या अडीचपट भाव. ‘स्वयम’ हे केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ 9 जुलै 2017 रोजी सुरू झालं तेव्हापासून कोर्सचे चार विभाग ठरलेले आहेत: व्हिडिओ व्याख्यान, उतरवून घेता येईल असं वाचनसाहित्य, स्वयंचाचणी आणि शंकांसाठी चर्चामंच (फोरम). त्यातला व्हिडिओ हा एक विभाग. आपल्या कार्यशाळांत मात्र त्यालाच जवळपास सगळा वेळ मिळतो. चर्चामंचाला मिळतो शेवटच्या दिवशीचा जेवणानंतरचा अर्धा तास.

आता हे हलक्याने घेण्यासारखं राहिलेलं नाही. स्वयमवरून किती क्रेडिट घेता येतील याची मर्यादा 2016च्या नियमांत 20 टक्के होती, 2021च्या नियमांत ती 40 टक्क्यांवर गेली. ऑनलाइन कोर्स पूर्वी हौशी विद्यार्थी करत. आता त्याच्या भरवशावर कुणाचं तरी सेमिस्टर अडकलेलं असू शकतं.

मी सुरुवात कशी करतो ते सांगतो. पहिले दोन-तीन आठवडे प्राध्यापकांना काहीही बनवू देत नाही. प्रत्येकाने एखादा चालू ऑनलाइन कोर्स विद्यार्थी म्हणून करायचा, आणि तो स्वतःच्या विषयाबाहेरचा. वनस्पतीशास्त्राच्या मॅडमनी अर्थशास्त्राचा घ्यावा, इतिहासाच्या सरांनी डेटा सायन्सच्या ओळखीचा. स्वतःच्या विषयाचा घेतला की ते परीक्षक होऊन बसतात आणि दुसऱ्या मिनिटाला ‘हे चुकीचं शिकवतोय’ म्हणून बंद करतात. आयआयटी-आयआयएस्सीच्या एनपीटीईएल उपक्रमाचे कोर्स या कामाला चांगले, कारण तिथे दर आठवड्याची असाइनमेंट आणि तिची मुदत असते. एका वहीत दोनच गोष्टी टिपायच्या. व्हिडिओ कुठे थांबवला आणि का, आणि कोणत्या क्षणी कोर्स सोडून द्यावासा वाटला.

या वह्या वाचताना फार मजा येते. आयुष्यभर विद्यार्थ्यांच्या हजेरीबद्दल तक्रार करणाऱ्या माणसाने लिहिलेलं असतं की दीडपट वेगाने ऐकलं, मध्ये फोन आला, नंतर कुठे होतो ते सापडेना. असाइनमेंट रविवारी रात्री साडेअकराला भरली. फोरमवर शंका विचारली, चार दिवस उत्तर नाही, मग पुन्हा विचारली नाही. हे शेवटचं वाक्य दर तुकडीत कुणी ना कुणी लिहितंच. पुढे महिन्याभराने मी जेव्हा म्हणतो की विद्यार्थ्याच्या शंकेला एका कामकाजाच्या दिवसात उत्तर गेलंच पाहिजे, तेव्हा वाद होत नाही.

त्यानंतर रचना. इथे बहुतेक प्रशिक्षक ‘अध्ययन निष्पत्ती’, म्हणजे कोर्सनंतर विद्यार्थ्याला काय येईल ते, लिहायला लावतात. तत्त्वतः ते बरोबरच आहे, पण नॅक आणि एनबीए या मूल्यांकन संस्थांच्या तक्त्यांनी आपल्या प्राध्यापकांना निष्पत्ती लिहिण्याचा इतका सराव करून दिला आहे की हात आपोआप चालतो. ‘विद्यार्थ्याला संकल्पना समजेल, उपयोजन करता येईल.’ तक्ता भरला, डोकं लावायची गरज पडली नाही. म्हणून मी उलट्या बाजूने शिरतो: तुमच्या विषयातल्या एका घटकावर गेल्या काही वर्षांत पेपर तपासताना सापडलेल्या दहा चुका लिहून आणा. विद्यार्थ्यांनी नेमकं काय लिहिलं होतं, ते त्यांच्या शब्दांत.

वाणिज्य शाखेतला घसारा (वापरामुळे वस्तूच्या किमतीत दरवर्षी होणारी घट) घ्या, कारण तो सगळ्यांना थोडाफार कळतो. समजा एक रिक्षा 2,40,000 रुपयांना घेतली. 6 वर्षं चालेल, शेवटी भंगारात 60,000 येतील. सरळ रेषा पद्धतीने, म्हणजे भंगार किंमत वजा करून उरलेली रक्कम वर्षांत सारखी वाटून, वर्षाचा घसारा 30,000. घटत्या शिल्लक पद्धतीने, म्हणजे दरवर्षी उरलेल्या किमतीवर दर लावून, 20 टक्के दराने पहिल्या वर्षी 48,000, दुसऱ्या वर्षी 38,400, तिसऱ्या वर्षी 30,720. आता चुका बघा. पहिली, भंगार किंमत वजा न करता 2,40,000 ला थेट 6 ने भागणं, म्हणजे 40,000. दुसरी, घटत्या शिल्लक पद्धतीतही दरवर्षी मूळ किमतीवरच 20 टक्के काढून 48,000 लिहीत राहणं. तिसरी, घटत्या शिल्लक पद्धतीत आधी भंगार किंमत वजा करून मग 20 टक्के काढणं, म्हणजे पहिल्या वर्षी 36,000. वीस वर्षं पेपर तपासलेल्या माणसाला हे तोंडपाठ असतं. हे ज्ञान कुठल्याही पुस्तकात नाही, इंटरनेटवरच्या तयार कोर्समध्येही सहसा नाही.

या तीन चुकांवर अख्खा आठवडा उभा राहतो. आठवड्याची सुरुवात व्हिडिओने करायची नाही, प्रश्नाने करायची. दोन वर्षांनी रिक्षा विकायची आहे, हिशेबाच्या वहीत तिची किंमत किती दिसेल? एका पद्धतीने 1,80,000 येतात, दुसरीने 1,53,600. एकच रिक्षा असताना हे कसं? विद्यार्थ्याने आधी अंदाज द्यायचा, मग 6-7 मिनिटांचा व्हिडिओ. मग क्विझ, जिच्यातले चुकीचे पर्याय म्हणजे वरचेच आकडे, आणि प्रत्येक चुकीच्या पर्यायाला त्याचा स्वतःचा खुलासा. 36,000 निवडणाऱ्याला ‘उत्तर चूक’ एवढंच दिसता कामा नये. ‘भंगार किंमत तू आधीच वजा केलीस. या पद्धतीत दर कशावर लागतो ते पुन्हा बघ’ असं त्याला वाचायला मिळालं पाहिजे. मूडलमध्ये प्रत्येक पर्यायाला वेगळा अभिप्राय लिहायची सोय आहे आणि ती रिकामी ठेवण्याची आपल्याकडे परंपरा आहे.

आयआयटी मुंबईत साहाना मूर्ती, जयकृष्णन वारियम आणि श्रीधर अय्यर यांनी मांडलेल्या विद्यार्थिकेंद्री मूक रचनेत व्हिडिओच्या मध्येच एक थांबा असतो. व्हिडिओ विचारतो, विद्यार्थी थांबून कागदावर काहीतरी करतो, मग पुढे जातो. या संस्थेने हजारो शिक्षकांना ऑनलाइन प्रशिक्षण देताना हीच रचना वापरली, म्हणजे प्रशिक्षणच त्या पद्धतीचा नमुना होतं. तुमच्या कार्यक्रमातही हे व्हावं असं मला मनापासून वाटतं. ऑनलाइन शिकवणं शिकवायचा कार्यक्रम सभागृहात, पंख्याखाली, दिवसाला सहा तास व्याख्यानं देऊन घेणं याला काय म्हणावं?

व्हिडिओबद्दल आता थोडक्यात, कारण त्यावर सगळेच बोलतात. एडएक्स या अमेरिकी ऑनलाइन व्यासपीठावरच्या 4 कोर्समधल्या सुमारे 69 लाख व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. व्हिडिओ कितीही लांब असला तरी विद्यार्थी साधारण 6 मिनिटांपलीकडे टिकत नाहीत, असं त्यात दिसलं. त्यातल्या आणखी तीन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. वर्गातलं व्याख्यान रेकॉर्ड करून त्याचे तुकडे पाडले तर ते मुळातूनच ऑनलाइनसाठी केलेल्या व्हिडिओइतकं धरून ठेवत नाही. हाताने लिहीत-काढत समजावलेलं नुसत्या स्लाइडपेक्षा बरं ठरतं. आणि महागड्या स्टुडिओपेक्षा टेबलाशी बसून आपुलकीने बोललेला व्हिडिओ विद्यार्थ्याला जवळचा वाटू शकतो. स्टुडिओ बांधावा का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. चांगला कॉलर माइक घ्या, एक शांत खोली ठरवा, रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा बंद ठेवा, दारावर पाटी लावा. चित्र थोडं अंधुक असलं तर विद्यार्थी सहन करतो, आवाज घुमला तर करत नाही.

स्क्रिप्ट मात्र सक्तीची करा. ‘मला स्क्रिप्ट लागत नाही, मी उभा राहिलो की बोलतो’ म्हणणारे प्राध्यापक वर्गात खरोखर उत्तम असतात. समोरच्या चेहऱ्यांकडे बघून ते वेग बदलतात. कॅमेऱ्यासमोर चेहरे नसतात, मग तेच सर सात मिनिटांचा विषय बावीस मिनिटांवर नेतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल (छोट्या व्हिडिओंतून सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या) प्रकल्पाची एक पद्धत मी उचलली आहे. तिथे स्क्रिप्ट रेकॉर्ड होण्याआधी विषय न येणाऱ्या माणसाकडून तपासून घेतात. त्याला नुसतं वाचून ते करता आलं पाहिजे. आमच्या तुकड्यांत हे काम दुसऱ्या विभागातले सहकारी करतात. रसायनशास्त्राच्या सरांना घसाऱ्याची स्क्रिप्ट वाचून 38,400 काढता आले तर ती रेकॉर्डिंगला पाठवायची. लिहिणं, स्लाइड, रेकॉर्डिंग आणि संपादन धरून एका चांगल्या सात-आठ मिनिटांच्या व्हिडिओला पहिल्या खेपेला दोन दिवस जातात. हे आधीच सांगून ठेवावं, नाहीतर तिसऱ्या व्हिडिओला माणसं गळतात.

मराठीतून कोर्स करणाऱ्यांसाठी एक वेगळं दुखणं आहे. प्राध्यापकांच्या नोट्स वर्षानुवर्षं श्रीलिपी, कृतिदेव किंवा शिवाजी अशा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. त्या तशाच चढवल्या की मोबाइलवर ‘झ’च्या जागी भलतंच चिन्ह दिसतं. स्कॅन करून चढवल्या तर शोधता येत नाहीत, आणि दृष्टिबाधित विद्यार्थ्याचं वाचक-सॉफ्टवेअर त्यांच्यापुढे मुकं होतं. दिव्यांग हक्क कायदा 2016चा आहे, त्यामुळे हा विषय सौजन्याचा राहिलेला नाही. म्हणून प्रशिक्षणात एक अख्खी दुपार युनिकोडला, म्हणजे कुठल्याही उपकरणावर नीट दिसणाऱ्या अक्षर-पद्धतीला, द्या. मजकूर परिवर्तित करणं, तपासणं, इनस्क्रिप्ट कीबोर्डवर किंवा बोलून टाइप करणं. या दुपारीबद्दल प्राध्यापक जितकं आभार मानतात तितकं कुठल्याच ‘अध्यापनशास्त्रीय’ सत्राबद्दल मानत नाहीत.

आणखी एक सराव: तयार झालेला आठवडा विद्यापीठाचं वायफाय बंद करून, पाच-सहा वर्षं जुन्या मोबाइलवर, मोबाइल डेटावर पूर्ण करून दाखवायचा. दुर्गम धडगाव किंवा भामरागडच्या विद्यार्थ्याकडे लॅपटॉप असेल असं धरून रचना करता येत नाही. हा सराव केला की 40 एमबीची पीडीएफ आपोआप 2 एमबीची होते, तक्त्यातली अक्षरं मोठी होतात आणि प्रत्येक व्हिडिओसोबत नुसता आवाज आणि लेखी सारांश द्यायची कल्पना प्राध्यापकच मांडतात.

आता शिकवण्याकडे येतो. कोर्स सुरू झाला की प्राध्यापकाने रोज काय करायचं, हे त्याला कुणीच सांगितलेलं नसतं. वर्गात तास संपला की काम संपतं, इथे तास सुरूच होत नाही आणि संपतही नाही. म्हणून काही लोक दिवसभर व्हॉट्सॲपवर उत्तरं देत बसतात आणि महिन्याभरात थकतात. बाकीचे कोर्स उघडून थेट परीक्षेलाच परत येतात.

मी एक आठवड्याची लय ठरवून देतो. सोमवारी सकाळी विद्यार्थ्यांना छोटं पत्र: या आठवड्यात काय आहे, किती वेळ लागेल, मागच्या आठवड्यात कुठे अडखळलात. मंगळवार ते शुक्रवार रोज ठरलेल्या वेळी अर्धा तास फोरम. बुधवारी मूडलमधला कार्यपूर्तीचा तक्ता उघडून कोण अजून आलंच नाही ते बघायचं आणि त्यांना नावानिशी दोन ओळी लिहायच्या. ‘सर्वांना सूचित करण्यात येते की’ या भाषेत अजिबात नाही. ‘संगीता, या आठवड्याची क्विझ राहिली आहे, काही अडचण आहे का?’ एवढं पुरतं. पहिल्या दोन आठवड्यांत हे झालं नाही तर गळती पुढे थांबवता येत नाही. साठेक विद्यार्थ्यांच्या कोर्सला असे आठवड्याचे चार-पाच तास लागतात.

फोरमवर कुणी लिहीत नाही, ही तक्रार सार्वत्रिक आहे. तिथला प्रश्न बघा म्हणजे कारण कळतं. ‘घसाऱ्याच्या पद्धतींवर चर्चा करा.’ यावर पहिला विद्यार्थी गाइडमधला परिच्छेद टाकतो, बाकीचे ‘सहमत’ लिहितात. त्याऐवजी असं विचारा: तुमच्या घरातली किंवा गावातली एक वस्तू घ्या, ट्रॅक्टर, शिलाई मशीन, पिठाची गिरणी काहीही. मालकाला किंमत आणि किती वर्षं चालेल ते विचारा, दोन्ही पद्धतींनी तीन वर्षांचा घसारा काढा आणि मालकाला कोणती पद्धत सुचवाल ते सांगा. आता साठ जणांची साठ उत्तरं येतात आणि नक्कल करायला जागाच राहत नाही. मूडलमध्ये एक फोरम-प्रकार असा आहे की स्वतः लिहिल्याशिवाय इतरांचं दिसत नाही. तो वापरा. साठ उत्तरांना साठ प्रत्युत्तरं द्यायची नसतात. शुक्रवारी एकच एकत्रित टिपण लिहायचं, त्यात चार-पाच विद्यार्थ्यांच्या मुद्द्यांचा नावाने उल्लेख करायचा आणि एक सामाईक चूक उलगडायची. ज्यांचं नाव आलं ते पुढच्या आठवड्यात नक्की लिहितात, आणि ज्यांचं आलं नाही त्यांतलेही बरेच लिहितात.

हे ऐकून येत नाही, करूनच येतं. म्हणून प्रशिक्षणाच्या उत्तरार्धात मी तुकडीचे दोन भाग करतो. अर्ध्यांनी आपला एक आठवडा खरोखर चालवायचा, उरलेल्यांनी त्यात विद्यार्थी व्हायचं. मग अदलाबदल. विद्यार्थी झालेल्यांना मी गुपचूप भूमिका वाटून देतो. एकाने काहीच करायचं नाही. एकाने फक्त ‘सर नोट्स कुठे आहेत’ असं तीनदा विचारायचं. एकाने एआयने लिहिलेलं गुळगुळीत उत्तर टाकायचं, एकाने रात्री उशिरा घाबरून मेल करायची की फाइल चढत नाही. आणि एकीने खरोखर अवघड, प्राध्यापकालाही पटकन न सुटणारी शंका विचारायची. या आठवड्यात प्राध्यापक जे शिकतात ते दहा व्याख्यानांत होत नाही. आळीमिळी गुपचिळी बसलेला विद्यार्थी सगळ्यांत अवघड, हे प्रत्येकाला नव्याने कळतं.

गृहपाठावरचे शेरे हाही स्वतंत्र सरावाचा विषय आहे. ब्रिटनची ओपन युनिव्हर्सिटी 1969 साली स्थापन झाली. तिथे ट्यूटरने तपासलेल्या गृहपाठांवरचे शेरे पुन्हा नमुन्यादाखल तपासले जातात, कारण दूर बसलेल्या विद्यार्थ्याला शिक्षक भेटतो तो मुख्यतः त्या शेऱ्यांतूनच. आपल्याकडे ‘ठीक’, ‘सुधारणा हवी’ आणि लाल रेघ. तुकडीतल्या सगळ्यांना एकच उत्तर द्या आणि त्यावर प्रत्येकाने तीन ओळींचा शेरा लिहावा: काय बरोबर आहे, पहिली चूक नेमकी कुठे झाली, पुढे काय करून बघावं. मग सगळे शेरे शेजारी-शेजारी लावा. फार बोलावं लागत नाही.

परीक्षा आणि एआयबद्दल माझं मत वादग्रस्त ठरू शकेल. घरी बसून लिहायच्या वर्णनात्मक असाइनमेंटवर आता मोठे गुण ठेवू नयेत. एनपीटीईएलची विभागणी सुज्ञ आहे: असाइनमेंटला 25 टक्के, देखरेखीखालच्या परीक्षेला 75 टक्के. अंतर्गत गुणांसाठी वरच्यासारखी स्थानिक माहितीवरची कामं द्या आणि त्यावर प्रत्येकाची पाच मिनिटांची तोंडी, फोनवरसुद्धा चालेल. वेळ जातो, पण एआय-शोधक सॉफ्टवेअरच्या टक्केवारीवर विद्यार्थ्याला दोषी धरण्यापेक्षा ते न्याय्य आहे.

प्रयोगशाळेच्या विषयांना मी पहिल्या तुकडीत घेत नाही. व्हर्च्युअल लॅबसारख्या सोयी आहेत, पण त्यांची रचना हा वेगळा अभ्यास आहे.

ज्येष्ठ प्राध्यापकांचं. त्यांचा विरोध तंत्रज्ञानाला असतो हा समज मला पटत नाही. लॉकडाऊनमध्ये मार्च 2020 पासून या सगळ्यांनी काळ्या चौकटींसमोर तासन्‌तास बोलून पाहिलं आहे, आणि ते शिकवणं नव्हतं हे त्यांना चांगलं समजलं आहे. त्यांचा आक्षेप त्या अनुभवाला आहे आणि तो रास्त आहे. त्यांना सांगा की संकटात चालवलेला तास आणि विचारपूर्वक बांधलेला कोर्स या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आणि नुसतं सांगू नका, वहीच्या सरावातून दिसू द्या. चुकांच्या यादीत ते तरुणांच्या कितीतरी पुढे असतात. फळ्यावर सुंदर लिहिणाऱ्या सरांना पीपीटीकडे ढकलू नका. वरून मोबाइल लावा, कागदावर लिहू द्या. महाराष्ट्राला या कामाचा जुना वारसाही आहे. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 साली सुरू झालं, राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. समोर नसलेल्या विद्यार्थ्याशी बोलत, मध्ये मध्ये प्रश्न विचारत स्वयं-अध्ययन पुस्तकं कशी लिहायची याची तालीम तिथे लेखक-प्राध्यापकांना तेव्हापासून मिळत आली आहे. तुमच्या ज्येष्ठांपैकी कुणी अशी पुस्तकं लिहिली असतील तर त्यांना शिकाऊ म्हणून बोलावू नका, मार्गदर्शक म्हणून बोलवा.

उरलं प्रशासन, आणि इथे बरेच चांगले कार्यक्रम मरतात. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास प्रत्यक्ष अध्यापन आहे. त्यावर कोर्स बांधायचं काम ‘फावल्या वेळात’ टाकलं तर ते दिवाळीच्या सुट्टीत घाईने होतं. किमान दोन तासांची सूट, आणि तीही कुलसचिवांच्या परिपत्रकाने. विभागप्रमुखांच्या तोंडी शब्दावर विसंबू नका. दुसरं, तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांचा प्रश्न आधीच सोडवा. व्हिडिओ बहुधा तेच उत्साहाने करतात आणि पुढच्या वर्षी त्यांची नेमणूकच होत नाही. मग त्यांचा चेहरा, त्यांचा आवाज वर्षानुवर्षं चालू राहतो आणि मानधन शून्य. व्हिडिओ किती वर्षं वापरणार, बदल कोण करणार, पैसे किती, हे लेखी करार करून ठरवा. स्वामित्व हक्काचंही तसंच. वर्गात दाखवलेलं चित्र आणि जगासाठी खुल्या व्हिडिओत वापरलेलं चित्र यांत कायद्याच्या दृष्टीने फरक पडतो, तेव्हा क्रिएटिव्ह कॉमन्स (मोफत वापराची मुभा देणाऱ्या) परवान्याची चित्रं कशी शोधायची ते पहिल्याच आठवड्यात दाखवा. रेकॉर्डिंग झाल्यावर चित्रं बदलणं म्हणजे शिक्षा.

सॉफ्टवेअरवर पैसे घालू नका. मूडल आणि ओबीएस (स्क्रीन रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) दोन्ही फुकट आहेत आणि पुरतात. वाचलेल्या पैशांतून एक जाणता तंत्रसहायक वर्षभरासाठी नेमा, ज्याला प्राध्यापक संकोच न करता फोन करू शकतील.

आणि 40 जणांना एकदम घेऊ नका. पहिल्या तुकडीत 12 ते 15, शक्यतो एका विभागातून दोन जण, म्हणजे बोलायला शेजारी कुणी असेल. एकूण 12 आठवडे: पहिले 3 विद्यार्थी म्हणून, पुढचे 5 स्वतःच्या कोर्सचा फक्त एक आठवडा बांधण्यात, 2 एकमेकांचा कोर्स चालवण्यात, शेवटचे 2 दुरुस्तीला. प्रत्यक्ष भेटी तीनच, प्रत्येकी एका दिवसाच्या, बाकी सगळं मूडलवर. तुमच्या मंजूर 5 दिवसांतले 3 इथे वापरा. उरलेले 2 दिवस पुढच्या सेमिस्टरसाठी राखून ठेवा, कोर्स खरोखर सुरू झाल्यानंतर तिसऱ्या आणि आठव्या आठवड्यात एकेक. त्या दोन दिवशी फक्त त्यांच्या फोरमवरचे खरे धागे आणि गळालेल्यांची यादी समोर ठेवून बसायचं. पहिल्या तुकडीतले तीन-चार जण दुसऱ्या तुकडीचे मार्गदर्शक होतील. प्रमाणपत्र मात्र आठव्या आठवड्याच्या त्या बैठकीनंतर द्या, आणि ही अट पहिल्याच परिपत्रकात छापा. नाहीतर मधल्या सुट्टीत कॅसच्या (पदोन्नतीच्या) फाइलला जोडायला ते मागायला सगळे येतील.